हातमोज्यातला खडू

दोस्तांनो, हे वाचता वाचता एक गंमत करा. जवळ पट्टी, लाटणं, मिटलेली छत्री, जे काही असेल ते उजव्या मुठीत घट्ट धरा. अगदी तलवार धरल्यासारखं. धरलंत? आता आपल्याच मुठीकडे नीट बघा. समोरच्याने काठी चालवली तर ती आधी कुठे बसेल? डोक्यावर? खांद्यावर? नाही हं. सगळ्यांत पुढे कोण आहे? आपली मूठच की!

आता डाव्या हाताने उजव्या हाताचं मधलं बोट वरच्या बाजूने चाचपून पाहा. कातडी, तिच्याखाली दोरीसारखी शीर आणि लगेच हाड. मांसाची गादी जवळजवळ नाहीच. बोटं हलवणारे स्नायू बोटांत नसतातच मुळी. ते असतात तळहातात आणि कोपराच्या खाली. खोटं वाटत असेल तर डावा पंजा उजव्या कोपराखाली ठेवा आणि उजवी बोटं हलवा. आत वळवळ होते ना? एका हातात 27 हाडं असतात. मनगटात 8, तळहातात 5 आणि राहिलेली 14 बोटांत. काठी घट्ट धरली की ही 14 हाडं काठीवर टेकलेली असतात. वरून दुसरी काठी आली म्हणजे काय होणार? लोहाराकडे पाहिलं असेल तुम्ही. खाली ऐरण, वर घण आणि मधे सापडलेलं ते आपलं बोट.

हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही, डीएडलाही नाही. मी शिकले ते एका मुलीचा अंगठा मोडला तेव्हा. आणि तो मोडला माझ्यामुळे. ती गोष्ट पुढे सांगतेच.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, आणि माझं बालपण कोल्हापुरातलं. आमच्याकडे मर्दानी खेळ म्हणजे लाठी, तलवार, दांडपट्टा, विटा, फरी-गदका. पेठेतल्या तालमीत संध्याकाळी हे सगळं चालायचं. मी दहा-अकरा वर्षांची असताना हट्टाने जायला लागले. मुली दोनच होतो. वस्तादांनी पहिल्या दिवशी हातात एक वेताची काठी दिली आणि म्हणाले, "पोरी, दोन वर्षं नुसती फिरवायची. मारायचं नाव काढायचं नाही." मला तेव्हा फार राग आला होता. घरी जाऊन आईला म्हटलं, "वस्ताद मुलींना शिकवायलाच तयार नाहीत." नंतर कळलं, ते मुलांनाही हेच सांगत होते.

तर हा फरक आधी लक्षात घ्या. फिरवणं वेगळं आणि लढणं वेगळं. हातात काय घालायचं हा प्रश्न विचारण्याआधी, मी आज काय करणार आहे, हे ठरवावं लागतं. एकाला जे चांगलं, ते दुसऱ्याला घातक असतं.

फिरवताना काठी हातात स्थिर नसते. अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून ती लोळते, पालथ्या हातावरून जाते, पुन्हा मुठीत येते. बोटांना तिचं वजन, तिचा कल सतत कळत राहावा लागतो. म्हणून फिरवायला हातमोजे नकोतच, असं माझं मत आहे. सुती विणलेले मोजे घातले की काठी साबणासारखी निसटते. हार्डवेअरच्या दुकानात तळव्याला रबर लावलेले मोजे मिळतात, त्यांची गंमत उलटी. काठी लोळायचंच विसरते, अडकते आणि झटका मनगटाला बसतो. फोड फारच यायला लागले तर सायकलवाले घालतात ते अर्ध्या बोटांचे मोजे चालतील. पण फोड हे बहुधा काठी फार आवळून धरल्याचं लक्षण असतं. आमचे वस्ताद हात बघूनच ओळखायचे. "बोटांच्या मुळाशी फोड आलाय म्हणजे गळा दाबतीयास काठीचा," म्हणायचे. घाम आला तर आम्ही हाताला आखाड्याची लाल माती चोळत असू. घरी कोरडं फडकं पुरतं.

तलवारीच्या मुठीला दोरी बांधून तिचा फास मनगटात अडकवायचा, असं काही मुलं करतात. मी करू देत नाही. फिरत्या वेगात तलवार सुटली आणि फास मनगटात असला, तर ती लांब जात नाही हे खरं, पण ती परत येते कुठे? आपल्याच हातावर! त्यापेक्षा चारी बाजूंना मोकळी जागा ठेवावी, बघणाऱ्यांना लांब बसवावं, आणि हातातली तलवार लाकडी किंवा धार नसलेली असावी. खरी तलवार शाळेच्या पटांगणात आणायचीच नाही. हे सांगायला नको, पण सांगितलेलं बरं.

आता ती गोष्ट.

पाच वर्षांपूर्वी स्नेहसंमेलनासाठी मी सातवीच्या मुलींची लाठी बसवत होते. नुसती फिरवाफिरवी पाहून कंटाळा येईल, शेवटी दोघींची लढत दाखवू, असं माझ्याच डोक्यात आलं. मुलींच्या हातांची काळजी वाटत होती, नाही असं नाही. म्हणून मी माझ्या भावाचे क्रिकेटचे दोन जोड ग्लोव्हज घेऊन आले. फलंदाजाचे, जाडजूड, पांढरेशुभ्र. मुली एकदम खूश! हात वर करकरून एकमेकींना दाखवत होत्या. दोघी जरा बिचकत काठ्या लावत होत्या, तर मी बाजूने ओरडले, "घाबरता काय गं? ग्लोव्हज आहेत ना! मारा जोरात."

हे वाक्य मी विसरलेले नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वाराला एकीची काठी खाली घसरत आली आणि दुसरीच्या उजव्या अंगठ्याच्या शेंड्यावर बसली. आवाज फार झाला नाही. ती रडलीही नाही. नुसती म्हणाली, "बाई, ग्लोव्हज काढू का?" काढला तेव्हा अंगठा सुजायला लागला होता.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला. अंगठ्याचं हाड मोडलं होतं. चार आठवडे प्लास्टर. संध्याकाळी मी तिला घरी पोचवायला गेले. आई गोठ्यात होती. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मला वाटलं, आता चांगली बोलणी बसणार. त्या रागावल्या नाहीत. मुलीच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "हाड जुळंल हो बाई. पर म्हस हिच्याच हाताची हाय. दुसऱ्या हाताला पान्हा सोडत न्हाई."

धार काढताना अंगठा लागतो, हे मला ठाऊक होतं. पण डेअरीच्या दुधावर ते घर चालतं आणि सकाळची धार ती मुलगी काढते, हे मला ठाऊक नव्हतं. दोन वर्षं ती माझ्या शाळेत होती! पुढचा महिनाभर त्या घरी दूध कमी निघालं. मुलगी गोठ्यात उभी राहून म्हशीशी बोलायची आणि आई धार काढायची, तेव्हा कुठे जरा जमायला लागलं.

चूक कुठे झाली हे मी पुष्कळ दिवस शोधत होते. ग्लोव्हज वाईट होते का? अजिबात नाही. पण ते क्रिकेटचे होते. क्रिकेटमध्ये चेंडू एकाच दिशेने येतो, गोलंदाजाकडून. म्हणून त्या ग्लोव्हजमध्ये गादी असते ती चेंडूकडे तोंड असलेल्या बाजूला. उजव्या आणि डाव्या फलंदाजाचे ग्लोव्हज वेगवेगळे असतात ते याचसाठी. काठीला असा काही नियम नाही. ती वरून येते, बाजूने येते, आपल्याच काठीवरून घसरत घसरत खालीही येते. शिवाय ते ग्लोव्हज मोठ्या माणसाचे. मुलीच्या बोटांपुढे दोन बोटं जागा रिकामी. गादी एकीकडे, अंगठा दुसरीकडे! काठी तिला नीट धरताच येत नव्हती. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे माझं ते वाक्य. ग्लोव्हज नसते तर समोरचीने हात राखून मारला असता.

मग मी एक प्रयोग केला. शिक्षकाकडे एका गोष्टीचा कधी तुटवडा नसतो, तो म्हणजे खडू! हातमोज्याच्या प्रत्येक बोटात एक एक खडू घातला. तो मोजा जमिनीवर आडव्या ठेवलेल्या काठीवर पसरला आणि दुसऱ्या काठीने वरून बेताचा ठोका दिला. मग खडू काढून बघायचे. खडू हाडापेक्षा कितीतरी ठिसूळ असतो, तेव्हा खडू मोडला म्हणजे बोट मोडेलच, असं नाही. पण या मोज्यापेक्षा तो मोजा बरा की नाही, हे त्यातून कळतं. ठोका मात्र प्रत्येक वेळी सारख्याच उंचीवरून द्यायचा. मी भिंतीवर रेघ मारून ठेवली होती.

क्रिकेटच्या ग्लोव्हजमध्ये मधल्या बोटाचा आणि अनामिकेचा खडू शाबूत राहिला. अंगठ्याचा मोडला. आडवा ठोका दिला तर तर्जनीचाही मोडला. यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज दिसायला केवढे, पण त्यांची सगळी गादी तळव्याला! पाचही खडू मोडले. वेल्डिंगचे चामडी मोजे, तेच. ते भाजण्यापासून आणि खरचटण्यापासून वाचवतात, ठोक्यापासून नाही. मोटारसायकलच्या मोज्यांना बोटांच्या गाठींवर कडक कवच होतं, तिथे ठोका अडला, पण पेरांवर आणि शेंड्यांवर काहीच नव्हतं. ते माणूस घसरून रस्त्यावर पडला तर उपयोगी, म्हणून त्यांची रचनाच तशी.

यावरून तुमच्या लक्षात आलं असेल की दुकानात "जाड आहे का?" असं विचारून भागत नाही. बोटांचे शेंडे झाकलेत का, अंगठ्याला सगळीकडून कवच आहे का, मनगटाचं बाहेरचं टेंगूळ उघडं पडतं का, हे बघायचं. आणि मोजा घालून काठी धरून बघायची. दोन मिनिटं फिरवायची. काठी नीट धरता येत नसेल तर तो मोजा कितीही भारी असो, परत द्यावा.

जगात इतर ठिकाणी काय करतात, तेही मी वाचून काढलं. जपानी केंडोमध्ये बांबूच्या चार पट्ट्या बांधून केलेली तलवार असते आणि हातात 'कोते' नावाचा जाड मोजा. त्यात अंगठा वेगळा आणि बाकीची चार बोटं एकत्र, म्हणजे ठोका बसला तर तो चौघांत वाटला जातो. गंमत म्हणजे मनगटावर मारलेल्या वाराला गुण मिळतात आणि त्या वाराचं नावही कोतेच! युरोपात जुन्या पद्धतीची लांब तलवार हौसेने खेळणारे पुष्कळ आहेत. ते एकेकाळी आइस हॉकीचे नाही तर लॅक्रॉस नावाच्या खेळाचे मोजे वापरायचे. पण बोटं मोडत राहिली, तेव्हा प्लास्टिकच्या खवल्यांचे खास मोजे निघाले. फार महाग असतात. ऑलिंपिकमधली तलवारबाजी तुम्ही टीव्हीवर पाहिली असेल. 2021 साली टोकियोत आपली भवानी देवी खेळली ना, तीच. तिथे तलवार धरलेल्या हातात एकच मोजा असतो आणि त्याची बाही कोपराच्या दिशेने अर्ध्यापर्यंत चढलेली असते. कशासाठी? समोरच्याच्या पात्याचं टोक बाहीत शिरू नये म्हणून. तिथली पाती लवचीक आणि हलकी असतात. आपल्या लाठीपुढे तो मोजा म्हणजे कागदच.

आणि मग मला आमच्या तालमीतला दांडपट्टा आठवला. 2024 साली महाराष्ट्र शासनाने ज्याला राज्यशस्त्र म्हणून जाहीर केलं, तो. पट्ट्याचं पातं लांब, लवलवणारं. त्याला तलवारीसारखी उघडी मूठ नसते. लोखंडी खोळ असते, थेट कोपरापर्यंत. आत आडवी दांडी, ती मुठीत धरायची. हात आख्खा लोखंडाच्या आत. याच्यापेक्षा चांगलं संरक्षण कुठलं? पण वस्तादांनी मला पहिल्यांदा पट्टा चढवू दिला तेव्हा मी मनगट वळवायला गेले आणि वळेचना. खोळीत मनगट जखडलेलं असतं. वस्ताद हसले. म्हणाले, "मनगट इसर. आता खांद्यानं खेळायचं." पट्ट्याचे हात, त्याच्या उड्या, त्याची गिरकी, सगळं वेगळं असतं ते त्या खोळीमुळे. ती घातलेला माणूस तलवारीचा खेळ खेळूच शकत नाही. तिथे बोटं वाचतात, पण मनगट द्यावं लागतं. एवढं मी लहानपणी स्वतःच्या हाताने अनुभवलं होतं, आणि तरी ग्लोव्हज आणताना मला ते आठवलं नाही.

फरी-गदका पाहिलाय का तुम्ही? गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी, फरी म्हणजे चामड्याची लहानशी गोल ढाल. पंजाबात गटका खेळतात, तिथेही ढालीला फरीच म्हणतात. 2022 साली पंचकुल्याला झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये गटका होता. तिथल्या काठीच्या मुठीशी हात झाकणारी वाटी असते. हे आठवलं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपले जुने लोक हातात मोजा घालत बसले नाहीत. त्यांनी काठी मऊ केली, दुसऱ्या हातात ढाल दिली आणि मुठीपुढे आडोसा केला.

मी तसंच करून पाहिलं. प्लंबरकडून अर्ध्या इंची पाइप आणला. एसीच्या तांब्याच्या नळीवर काळा फोम चढवतात, तो त्यावर चढवला. शेंड्याला फोम पाइपच्या पुढे चार बोटं जास्त ठेवला आणि पाइपच्या टोकाला रबराचं बूच बसवलं, नाही तर ते टोक फोम फाडून डोळ्यात जाईल. वरून जुन्या चादरीची खोळ शिवली. मुठीशी वाटी हवी होती, ती एका चपला करणाऱ्या मामांनी करून दिली, तळाच्या जाड चामड्याच्या तुकड्याची. पैसे घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "पोरास्नी खेळू दे. पर वाटी फाटली तर लगेच आणा, तसंच खेळू नका."

मग पुन्हा खडू. साध्या विणलेल्या मोज्यात पाच खडू घातले, त्याच रेघेवरून फोमच्या काठीने ठोका दिला. पाचही शाबूत! दहादा दिला, तेव्हा करंगळीचा एक मोडला.

तेव्हापासून आमच्याकडे लहान मुलांची लढत फक्त फोमच्या काठीने होते. वर क्रिकेटचे ग्लोव्हज असले तरी चालतात, पण मुलांच्या मापाचे. बांबूची किंवा वेताची काठी नुसती फिरवायला. आणि हातांची एवढी काळजी करताना तोंड विसरू नका. क्रिकेटच्या हेल्मेटच्या गजांमधून चेंडू जात नाही, पण काठीचं टोक सहज जातं. आम्ही गजांना आतून बारीक जाळी बांधतो आणि तरीही तोंडावर मारणाऱ्याला लगेच बाहेर बसवतो. आमच्यात कुणी "मार जोरात" म्हणत नाही. म्हणणारा बाहेर, मी म्हटलं तर मीही.

एवढं करून बोटाला लागलंच तर? ओढू नका, चोळू नका. "बोट चढलंय, ओढून बसवतो," असं म्हणणारा कुणीतरी प्रत्येक गावात असतो. त्याच्याकडे जाऊ नका. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चा असते, हाड लांब होतं ते तिथूनच. तिथे इजा झाली आणि ती नीट बघितली गेली नाही, तर बोट वाकडं वाढू शकतं. अंगठी असेल तर सूज चढायच्या आत काढा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावा, हात उंच धरा आणि दवाखाना गाठा. बोट हलतंय म्हणजे मोडलेलं नाही, असं समजू नका. त्या मुलीचा अंगठाही हलत होता.

ती आता कॉलेजात आहे. शनिवारी दुपारी आमच्या पटांगणात येते. नव्या मुलांचे हात बघते, फोड कुठे आलेत ते बघते, आणि कुणी घरून नवा मोजा आणला की माझ्याकडे हात पुढे करते, "बाई, खडू." मागच्या थंडीत मी तिला विचारलं, "अंगठा दुखतो का गं अजून?" तर म्हणाली, "पहाटे जरा कळ येते. पण म्हशीचा सड ऊन असतोय ना, धरला की जाते."